लेखक बोलला, पान नापास

त्या शनिवारी सकाळी मी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर निघाले होते ती भांडायलाच.

मी इथली ग्रंथपाल. खाली लोक मुकाट्यानं वाचत बसलेले, आणि डोक्यावर नुसता दंगा — खुर्च्या सरकताहेत, हसणं चाललंय, मध्येच कुणीतरी "चूक! साफ चूक!" म्हणून ओरडतंय. वरची खोली दर शनिवारी या संगणकवाल्या मंडळींना द्या, असं कमिटीला मीच सांगितलं होतं. बोट दिलं की मनगट धरतात, असं पुटपुटत मी जिना चढत होते, आणि वळणावर एकाला धडकता धडकता वाचले.

त्याच्या हातात चहाचा ट्रे होता. चहा त्यानं सावरला, पण काखेतले कागद जिनाभर पसरले.

"माफ करा हं... राहू दे, मी उचलतो."

हात तर ट्रेमध्ये अडकलेले, उचलणार कशानं? मी कागद गोळा केले आणि — सवयच वाईट — वाचलेही.

"ही तिन्ही पानं एकाच कामाची आहेत?"

"हो."

"आणि तिन्ही वेगवेगळं सांगतायत?"

"हो ना. त्यावरूनच वर भांडण चाललंय."

"मग बिचाऱ्या वाचणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळे मोठे हसरे होते... म्हणजे मी काही मुद्दाम बघितले नाहीत, समोरच होते.

"तुम्ही वर येता का?" तो म्हणाला. "एवढंच वाक्य सगळ्यांना ऐकवा."

अशी मी अडकले.

वरची मंडळी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होती, म्हणजे ज्याच्यावर अख्खा संगणक चालतो ते मुळातलं सॉफ्टवेअर. जगभरातले हजारो लोक मिळून, पदरमोड करून, निव्वळ हौसेनं. त्यांच्यात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. हा चहावाला पेशानं लिफ्ट दुरुस्त करणारा, पण स्वतः कधी लिफ्टनं जायचा नाही, म्हणून त्याला सगळे 'पायरी' म्हणत. कारभार मावशींच्या हातात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांच्यापुढे भलेभले गप्प बसत. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सिस्टिम वापरणाऱ्यांच्या मदतीची चारशे बारा पानं आहेत, बाई. कुठलं कुठे पडलंय, देवालाच ठाऊक. बोलतेस छान, आता लाव बघू तूच."

मग दर शनिवारी मी वर. प्रत्येक पानाची एक चिठ्ठी केली आणि जमिनीवर ढीग लावले. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी, काम अडलेल्यांसाठी, खोलात शिरणाऱ्यांसाठी, आणि चौथा ढीग — कुणासाठीच नाही. पायरी शेजारी मांडी ठोकून चिठ्ठ्या हातात द्यायचा.

"हे माझं पान आहे," एकदा त्यानं चौथ्या ढिगातली चिठ्ठी उचलली.

"म्हणूनच तिथं आहे."

"वाचून तरी बघा."

"वाचलं. पहिल्या ओळीतले पाच शब्द कळले नाहीत."

"कुठले पाच?"

"सगळेच. ओळच पाच शब्दांची होती."

दुसरा कुणी असता तर रुसला असता. हा इतका हसला की मावशींनी खडू फेकून मारायचा तेवढा बाकी ठेवला. पुढच्या शनिवारी तो पान नव्यानं लिहून घेऊन आला. त्याच्या पुढच्याही. मी खोडायची, तो लिहायचा. खिडकीवर पावसाची बारीक टिपटिप चाललेली असायची आणि आमचं "हे असं का?", "मग कसं?"... शनिवार इतक्या उशिरा का येतो, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या पानावर त्याचा एवढा जीव का, ते हळूहळू कळलं. त्याची ताई शिवणाचा क्लास चालवते. तिला कुणीतरी जुनापुराणा संगणक दिला होता आणि त्यावर ही सिस्टिम बसवायला ती एकटीच बसली. पानं वाचून काही उमजेना. "मीच मेली अडाणी," म्हणून रडली.

"ताई अडाणी नाही हो," तो म्हणाला. "आम्हाला लिहिता येत नाही. जुन्या संगणकावर सिस्टिम कशी बसवायची, ते सांगणारं हे पान या वर्षीच्या आवृत्तीत जायलाच पाहिजे."

जाणं मात्र सोपं नव्हतं. मावशींचा नियम कडक. प्रत्येक पानाची परीक्षा. ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसानं पान समोर ठेवायचं आणि ओळीबरहुकूम काम करायचं. लिहिणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. बोलला की पान नापास. पायरीचं पान दोनदा आपटलं होतं. तिसऱ्यांदा आपटलं, तर थेट पुढच्या वर्षी.

तिसऱ्यांदा परीक्षक मी.

त्या दिवशी परीक्षेचा संगणक सुरूच होईना. खालचा माझा संगणक नऊ वर्षांचा, जुनाच तर होता. म्हटलं, हा घ्या. कामावरून धावतपळत पायरी आला तेव्हा माझ्या चार ओळी झाल्या होत्या. तो शेजारी बसला, ओठ मिटून. मी पाचवी ओळ केली, सहावी, सातवी, आठवी... सगळं कसं सुरळीत. ओठावरून बोट फिरवत तो पडद्याकडे बघत होता आणि मी, खोटं कशाला बोलू, त्याच्याकडे. नववी ओळ: 'पुढे' हे बटण दाबा.

मी बोट पुढे केलं. त्यानं माझं मनगटच धरलं.

"थांबा! बाई, दाबू नका! यात तुमची यादी आहे... सगळं पुसलं जाईल!"

मावशींनी चष्मा काढला. "लेखक बोलला. पान नापास."

परीक्षेचा संगणक नेहमी रिकामा असायचा. त्यात पुसण्यासारखं काही नसल्यामुळे नवव्या ओळीनं सगळं पुसलं जातं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या संगणकात मात्र वाचनालयातल्या अकरा हजार पुस्तकांची यादी होती, तीन वर्षं राबून केलेली. आणि तिची दुसरी प्रत? नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

माझं मनगट अजून त्याच्या हातात होतं. त्याच्या लक्षात आलं, त्यानं सोडलं.

"कशाला बोललात?" मला रडूच येत होतं. "वर्ष गेलं ना तुमचं. ताईंना काय सांगणार आता?"

"सांगेन की..." तो थांबला. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. "मी निघतो. एक लिफ्ट अडकलीय."

तो गेला आणि मला लख्ख कळलं, की यादीपेक्षा हा माणूस मला जास्त हवाय.

सोमवारी सकाळी मावशींचा फोन. "नोंद वाचलीस का गं?"

पान नापास झालं की लेखकानं कारण लिहायचं. ती नोंद जगभरातल्या सगळ्यांना दिसते, आणि लिहिलेलं पुसता येत नाही. मी टेबलाशी बसून उघडली. पायरीनं लिहिलं होतं:

"नवव्या ओळीत चूक आहे आणि ती माझी आहे. पण तेवढ्यासाठी बोललो असं म्हटलं तर खोटं होईल. संगणकात काहीच नसतं आणि बाई नुसत्या घाबरणार असत्या, तरी मी बोललोच असतो. पुढेही बोलेन. त्या परीक्षक असतील तोवर माझं एकही पान पास व्हायचं नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

खाली जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणीतरी विचारलं होतं, "हा दोष समजायचा का?" आणि त्याखाली आणखी कुणीतरी, "असला तरी दुरुस्त करू नका."

माझे कान तापले. समोर वर्तमानपत्र वाचणारे काका विचारतात, "बाई, बरं नाही का?"

"ऐकतेयस ना?" फोनवर मावशी. "नियम तो नियम, पान या वर्षी जात नाही. पण ओळ सापडली म्हणून किती जणांचं वाचलं. ती आजच दुरुस्त होईल. आता परीक्षकाचा शेरा लिही, आणि खाली 'कधीपर्यंत'च्या रकान्यात तारीख घाल. पुढची परीक्षा तूच घेणार की दुसरं कुणी?"

मी लिहिलं: "दुसरा परीक्षक नेमावा. घरच्या माणसाची परीक्षा घरच्यानं घेऊ नये." पुन्हा वाचलं तर धीर सुटेल, म्हणून न वाचताच बटण दाबलं.

पाच मिनिटांत त्याचा फोन. लिफ्टच्या पोकळीत उभा असावा, आवाज घुमत होता.

"बाई... शेरा वाचला."

"मग?"

"नोंद बंद होत नाहीये."

"का बरं?"

"'कधीपर्यंत' हा रकाना रिकामा ठेवलात तुम्ही."

मला हसू आवरेना. काका बघत होते, बघू देत.

"आईला विचारून भरते," मी म्हटलं. "पण तुमच्या पानासारखं वर्षभर नाही हं थांबायचं."