सुलतानच्या शेपटीवरची पैज

"बघ मिसबाह, माशाची शेपटी बरी झाली तरी तो पोरगा येतच राहील," पापड वाळत घालता घालता समोरच्या घरातली ताईबाई म्हणाली.

"मासा बरा झाला की त्याचं काम संपलं. नाही येणार."

"लाव पैज! जो हरेल त्यानं भर चौकात गल्लीला भरीत खाऊ घालायचं."

"लावली!"

मासा म्हणजे सुलतान, मिसबाहच्या शिलाईच्या दुकानातला गोल्डफिश. आणि तो पोरगा म्हणजे मोईज, स्टेशनकडचा माशांचा दुकानदार. मिसबाह आजारी सुलतानला बादलीत घालून त्याच्या दुकानात धावत गेली, तिथेच दोघांची पहिली भेट. शेपटीच्या कडा पांढऱ्या पडून झडत होत्या.

"काय खायला घालता याला?"

"शेव. गल्लीतला येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन-दोन टाकतो."

"तिखट?"

"जळगावात गोड शेव कोण खातं?"

मोईज हसला... आणि मग रोज तिच्या दुकानी येऊ लागला. सुलतानला वेगळ्या टबात काढलं. रोज थोडं पाणी काढून साठवून ठेवलेलं नळाचं पाणी घालायचं, साधं जाडं मीठ मापून टाकायचं, माशांच्या खाद्याचे दाणे मोजकेच.

"जीवाणूंचा आजार आहे. उरलेलं खाणं सडतं, पाणी नासतं, मग हा होतो. पाणी स्वच्छ ठेवून नाहीच थांबला, तर औषध देऊ. जास्त लाड माशाला पचत नाहीत."

"आणि माणसाला?"

"माझे अजून कोणी करून बघितले नाहीत."

मिसबाहच्या बोटात सुई टोचली.

हळूहळू शेपटीला काचेसारखी नवी कड फुटली. मोईजनं सुलतानला धुतलेल्या टाकीत सोडलं. "झाला बरा. शेव बंद म्हणजे बंद," म्हणाला आणि गेला.

एक दिवस गेला. दुसराही. मिसबाह पैज जिंकत होती, पण तिनं एका झंपराला बाही उलटी लावली.

तिसऱ्या दिवशी मोईज दारात उभा. हात रिकामे.

"सुलतान ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"माहितीय."

"मग?"

"मग... मासा बरा झाला आणि माझा बहाणाच मेला. दोन दिवस नवा शोधत होतो. सापडला नाही — तसाच आलो."

समोरून ताईबाई ओरडली, "हारनी ना बाई! माले बठ्ठं समजस, सगळं!"

संध्याकाळी चौकात काड्यांच्या जाळावर वांगी भाजत मिसबाह धुरानं डोळे पुसत होती. निदान ती तरी धूरच म्हणत होती. गल्ली ताटं घेऊन बसलेली.

"पैज होती तरी कसली?" मोईजनं विचारलं.

सगळ्या गल्लीनं माना मिसबाहकडे वळवल्या.

"तुम्ही परत येणार नाही, अशी." तिनं पहिलं भरीत त्याच्याच ताटात वाढलं. "हरले. बरं झालं हरले... शेव टाकू वरून?"

"टाका की. मला पचते."