उजव्या हाताची नखं

बेंगळुरूतल्या जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात श्रीकांत अण्णांचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. शनिवारी संध्याकाळी दिव्यश्री तिथे फिक्या जांभळ्या नेलपॉलिशची बाटली उजेडात धरून पाहत होती. शेजारी एक तरुण येऊन उभा राहिला आणि त्याने हिंदीत लाल नेलपॉलिश मागितलं. बारा बाटल्या.

मग फोनवर मराठीत म्हणाला, "हो सर, मिळालं. लालच आहे."

दिव्यश्रीने बाटली खाली ठेवली. "बहिणी किती तुम्हाला?"

तो दचकला. "एकही नाही."

"मग बारा बाटल्या?"

"बोल्टसाठी," तो म्हणाला. "चारशे आहेत."

त्याचं नाव ध्रुव. पुण्याहून पाच महिन्यांपूर्वी आलेला, पीण्या या औद्योगिक भागातल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी. तिथे पंपाला लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या बनतात, तळहाताएवढ्या, प्रत्येकीवर एक बोल्ट. बोल्ट पिळून घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून पट्टीवर एक लाल रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी सैल झाला तर फिरतो, आणि रेघ तुटलेली दिसते. त्यासाठीचा खास रंग संपला होता, म्हणून नेलपॉलिश.

"पण मागच्या वेळी वाटेतच टवके उडाले," तो म्हणाला. "अख्खा लॉट परत आला. सोमवारी पुन्हा पाठवायचाय. या वेळी परत आला तर उमाकांत सर मला कन्फर्म करणार नाहीत. बॅग भरायची आणि पुणे."

"आधी पुसता?"

"काय?"

"तेल. लोखंडावरचं."

दिव्यश्रीने त्याच्या नखांकडे पाहिलं. कडांना काळं वंगण होतं.

"एकच जाड हात देता. वाळायच्या आत खोक्यात भरता. असंच ना?"

"तुम्ही... पीण्यात असता?"

"चष्म्याच्या दुकानात. इथंच, मागच्या गल्लीत." तिने बारातल्या सहा बाटल्या अण्णांकडे परत सरकवल्या आणि रिमूव्हरच्या चार मागितल्या. "उद्या अकराला समोरच्या बागेत या. एक नग घेऊन. स्वल्प शिकवते."

"स्वल्प म्हणजे?"

"थोडं," अण्णा म्हणाले. "पण ही थोडं शिकवत नाही."

दिव्यश्रीच्या मराठी घराण्याला बेंगळुरूत साडेतीनशे वर्षं झाली. नखांचा छंद मात्र फक्त तिचाच, कॉलेजपासूनचा. दर रविवारी दोन तास. नखं कोमट पाण्यात भिजवायची, मुळाची कातडी मागे सारायची, कानस एकाच दिशेने फिरवायची, मग रंग. डावा हात दुकानातल्या जाहिरातीसारखा निघायचा. उजवा निघत नसे, कारण तो डाव्या हाताने रंगवावा लागे. कडेला रंग पसरायचा. इतक्या वर्षांत तिला ते जमलं नव्हतं आणि तिने ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

रविवारी ध्रुव वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी घेऊन आला. बाकावर दोघांच्या मध्ये ती ठेवली गेली. दिव्यश्रीने रिमूव्हरने बोल्ट पुसला, पातळ रेघ ओढली, थांबली, दुसरी ओढली.

"आता दहा मिनिटं हात लावायचा नाही."

"दहा मिनिटं करायचं काय?"

"बोलायचं. सरी?"

"कन्नडातलं हे सरी म्हणजे... 'बरं' का?"

"बरं. ठीक. चालेल. उठा. पुरे. सगळं तेच."

तो हसला. दहा मिनिटांनी तिने रेघेवर डाव्या हाताचं नख घासून दाखवलं. टवका उडाला नाही. तो मात्र रेघेकडे पाहत नव्हता.

"तुम्ही उजवा हात का लपवता?"

"कुठे लपवते?"

"ओढणीखाली आहे. रेघ ओढून झाल्यापासून."

"तुम्ही बोल्ट बघा," दिव्यश्री म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तो चष्म्याच्या दुकानात आला. चष्मा त्याला नव्हता. दिव्यश्री एका आजोबांच्या कानामागे दांडी बसवत होती. आजोबा आरशात पाहून समाधानाने निघून जाईपर्यंत तो उभा राहिला.

"लॉट?" तिने विचारलं. आवाज तिने नेहमीचाच ठेवला.

"पास. पण एक नग कमी भरला. तीनशे नव्याण्णव निघाले."

"मोजून नाही भरले?"

"मोजून भरले." त्याने खिशातून पट्टी काढून काउंटरवर ठेवली. तिने रंगवलेली. "ही द्यावीशी वाटली नाही. सर वीस मिनिटं बोलले. मग दुसरी करून पाठवली."

"आणि नोकरी?"

"आहे. पुणे रद्द."

दिव्यश्रीने मायक्रोफायबरचं फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसला.

"चारशे रेघा मी एकट्याने ओढल्या," तो म्हणाला. "दोन-दोन हात. आता ब्रश धरला की माझा हात हलत नाही. तुमचा उजवा... मी करून देऊ?"

तिने फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "आधी स्वतःची नखं साफ करून या."

रविवारी त्याची नखं साफ होती. तोच बाक. तिने उजवा हात वर्तमानपत्रावर ठेवला आणि त्याने जीभ दाताखाली धरून पाच नखं रंगवली. फिका जांभळा. एकाही कडेला रंग गेला नाही. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. चूक सापडली नाही.

रंग वाळल्यावर त्याने खिशातून लाल बाटली काढली. आपली करंगळी तिच्या करंगळीला चिकटवली आणि दोन्ही नखांवरून एक सरळ रेघ ओढली.

"हे काय?"

"तपासणीची खूण," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "रेघ तुटली की समजायचं... सैल झालं."

दिव्यश्रीने रेघेकडे पाहिलं. "नख वाढतं, ध्रुव. महिन्याला तीन मिलिमीटर. तुझं वेगळं, माझं वेगळं. ही तुटणारच."

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला. "मग?"

"मग दर रविवारी नवी ओढायची," ती म्हणाली. "जुनी पुसून. सरी?"

"सरी."

रेघ वाळायला दहा मिनिटं लागतात. दोघांनी बोटं हलवली तेव्हा पाऊण तास झाला होता.