राणीवशातलं घर

भिंतीच्या पलीकडून कोणीतरी ठोकत होतं.

वृषालीचा हात थांबला. राजवाड्याच्या राणीवशात ती सकाळपासून भिंतीवरचे रंगाचे थर खरवडत बसली होती. सगळ्यात खाली मूळ रंग कोणता होता, ते तिला शोधायचं होतं. पुन्हा टक टक झालं. तिनेही गंमत म्हणून बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं.

मग दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. केसांपासून बुटांपर्यंत चुन्याने पांढरा.

"भिंत पोकळ आहे का बघत होतो," तो म्हणाला. "तिने उत्तर दिलं तर काय लिहायचं, ते कॉलेजात शिकवलं नाही."

"लिहा, भिंत जिवंत आहे."

"आणि जरा आगाऊ."

ती हसली. तो सम्राट. काष्टीचा, तिथल्या निवृत्त शिक्षकाचा मुलगा. भिंती, तुळया किती भार पेलतील ते ठरवणारा इंजिनीअर. ती कोपरगावकडच्या बागायतदाराची मुलगी, जुन्या इमारतींच्या जतनाचं शिकून आलेली. संगमनेरच्या पुढे प्रवरेकाठी ओसाड पडलेला हा सरदारांचा राजवाडा एका बिल्डरने घेतला होता. बाहेरून होता तसाच ठेवायचा, आत फ्लॅट काढायचे. दरबारात क्लबहाउस, हत्तीखान्यात पार्किंग.

तिला भिंतीतली एकही कमान हलू द्यायची नव्हती, त्याला प्रत्येक कमानीखाली लोखंड घालायचं होतं. दोघं रोज भांडायची. भांडता भांडता डबा एकत्र खायला लागली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही.

परतीच्या पावसात एके दुपारी लाइट गेली, काम थांबलं. राणीवशातल्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये दोघं खिडकीशी उभी होती. नदी फुगली होती. ओल्या चुन्याचा वास सगळीकडे भरला होता.

"इथे स्वयंपाकघर चांगलं होईल," सम्राट म्हणाला.

"कोणाचं?"

"ज्याला चहा येतो त्याचं."

"मला नाही येत."

"मला येतो ना..." तो म्हणाला, आणि पुढचं बोलायचं सोडून पावसाकडे बघत राहिला. वृषालीने खिडकीवरचा त्याचा हात हळूच आपल्या हाताखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तो फ्लॅट घ्यायला सम्राट बिल्डरच्या ऑफिसात गेला. मॅनेजरने खुर्ची दिली, पूर्ण नाव विचारलं, घरचे कुठले ते विचारलं. मग म्हणाला, "तो बुक झालाय, साहेब." संध्याकाळी तोच फ्लॅट मॅनेजर दुसऱ्या कुटुंबाला दाखवत होता.

वृषाली तडक ऑफिसात गेली.

"मॅडम, ते बौद्ध आहेत," मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला. "बाकीचे घेणारे काय म्हणतील, ते बघावं लागतं."

"त्याने भिंती सावरल्या म्हणून तुमचा राजवाडा उभा आहे."

"कामाचं कोण नाही म्हणतंय?"

त्याच रात्री मॅनेजरने तिच्या घरी फोन करून दोघांचं सांगितलं. आठवड्याने तिचे वडील, कारभारी आप्पा, स्वतः राजवाड्यावर आले. त्यांनी राणीवशातला तो फ्लॅट शांतपणे फिरून पाहिला.

"तुझ्यासाठी घेतलाय," ते म्हणाले. "नितीनचं स्थळ ठरवलंय. संगमनेरचाच हाय, पोरगं चांगलं हाय."

"आप्पा, मला सम्राटशी लग्न करायचंय."

आप्पा चिडले नाहीत. खिडकीतून बघतच बोलले, "त्याचा बाप दर बाजाराला एकटाच पिशवी घेऊन जातो म्हनं. आपली पोरं भेटली त्याला परवा. नुसतं बोलली. दर खेपेला नुसतं बोलतीलच, असं न्हाई."

या बाजूला अशा बोलण्याचं पुढे काय होतं, ते तिने पेपरात वाचलेलं होतं.

"त्या दोघांच्या केसालाही धक्का लागायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही शब्द द्या... मी नितीनशी लग्न करते."

आप्पांनी शब्द दिला.

सम्राटला तिने नदीकाठच्या पायऱ्यांवर सांगितलं. तो म्हणाला, "पुण्याला जाऊ. लग्न करून टाकू."

"तुझे बाबा येतील?"

परवा बाजारातून आल्यापासून त्याचे बाबा, सहादेव गुरुजी, धड जेवले नव्हते, आणि काष्टी सोडायचं नावही काढू देत नव्हते.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "हे आधी म्हणायचं राहिलं."

"माझंही..." एवढंच तिला जमलं. मग तिनेच त्याला उठवलं, मोटरसायकलपर्यंत सोडलं. महिन्याच्या आत तो ओडिशातल्या एका धरणाच्या कामावर निघून गेला.

लग्न झालं. राणीवशातल्या त्याच फ्लॅटची वास्तुशांत झाली. पाहुणे गेल्यावर नितीन घरभर हिंडला, भिंतींवरून हात फिरवत राहिला. खरंच चांगला माणूस होता तो.

"हे सगळं तुझंच काम ना?" त्याने कौतुकाने विचारलं.

"हो," वृषाली म्हणाली. "पण एकटीचं नाही."

नितीन तोवर बाल्कनीत गेला होता. त्याला ऐकू गेलं नाही.