छज्ज्याखालची खिडकी

पुढचं घर मिळालं तर दादाला रस्ता, विहीर आणि झाडाची सावली मिळणार होती. मागचं मिळालं तर गोठ्याचा वास. कोण कशासाठी खोटं बोलेल, याचा हिशेब गावातले तंटे सोडवणाऱ्या वहिनींनी फाटकातच मांडला. त्यांचे दीर, भावोजी, नेहमीप्रमाणे त्यांची पिशवी सांभाळत मागे होते.

पुढच्या घरात दादाच्या बहिणीचं, ताईचं, शिलाईचं दुकान होतं. "वडिलांनी लिहून ठेवलंय, जुनं घर लेकीला, नवं लेकाला," ती म्हणाली. "बांधकामाचं साल कोरलेली तुळई ही जुन्या घराची खूण. ती माझ्या डोक्यावर होती. लेकीचं बाळंतपण उरकून आले, तर तुळई मागच्या घरात."

बोलता बोलता तिने मधल्या भिंतीच्या खिडकीतून चहाचा कप पलीकडे सरकवला. "भांडण भांडणाच्या जागी. सकाळी त्याला चहा लागतो."

पलीकडे दादा तोच चहा पीत होता. खिडकीवरच्या उतरत्या दगडी छज्ज्याला त्याचा सदरा लटकत होता.

"तुळई पहिल्यापासून इथेच आहे," तो म्हणाला. "हिला स्वप्नं पडतात. सुताराने दोन वासे बदलले, बस."

भावोजींनी वर पाहिलं. तुळईच्या टोकाला तीन खाचा, खालच्या खांबाला पाच. पुढच्या घरात त्यांनी नेमकं उलटं पाहिलं होतं. "हे काय हो?"

"उंदरांनी कुरतडलं असेल," दादाशेजारी उभा असलेला सुतार घाईने म्हणाला.

"सुतारकी कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"आजोबांपासून."

वहिनी हसल्या. "भावोजी, या खोलीत पाऊस पडतो का?"

"कौल फुटलं तर."

"मग छज्जा आत कशाला? तो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असतो. भिंत बांधली तेव्हा इथे अंगण होतं. म्हणजे पुढचं घर जुनं."

"आणि तुळई?"

"जुने सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे. जोडीच्या लाकडांना सारख्या खाचा, म्हणजे वर चढवताना घोळ नको. इथे तीनची गाठ पाचाशी पडलीय. दोन घरांच्या तुळयांची अदलाबदल झाली. आणि आजोबांपासूनच्या सुताराला खाचांत उंदीर दिसले, तेव्हाच कळलं, याचं तोंड कुणीतरी बांधलंय."

सुताराने मान खाली घातली. "दादा म्हणाले, कुणाला कळतंय."

पुढचं घर ताईचं झालं. सुताराने दोन्ही तुळया फुकटात जागच्या जागी बसवून दिल्या. दादाची पत गेली, आणि संध्याकाळच्या आत त्याने ती खिडकी विटांनी बुजवली.

दुसऱ्या सकाळी ताईने सवयीने दोन कप भरले. एक बुजवलेल्या खिडकीपाशी निवत राहिला.