रांगेतले गुडघे

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझी थोरली बहीण, अक्का, रचून सांगणाऱ्यांतली नाही. तेवढा दम तिच्यात नाही. मनात आलं की लगेच तोंडातून बाहेर.

रविवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन. भुताखेतांची वेळ नव्हे, हे मुद्दाम सांगतो.

अक्काने सारा जन्म यंत्रमागावर काढला. त्या खडखडाटात डावा कान कधीच गेला होता. आता उजवाही चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, "दोन-तीन महिने, फार तर."

आणि या बाईला वेड कसलं, तर पियानोचं! सुटीच्या दिवशी सभागृहात सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसायची. म्हणायची, "आठवडाभर खडखड ऐकते. एक दिवस तरी काहीतरी सुरात वाजू दे."

त्या रविवारी जगभर गाजलेला एक म्हातारा वादक येणार होता. त्याची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. कान जायच्या आत त्याला एकदा समोर बसून ऐकायचं, एवढंच तिचं मागणं. म्हणून तिने चौथ्या रांगेतली डावीकडची जागा घेतली. तिथून वादकाचे हात दिसतात. आणि उजवा कान पियानोकडे राहतो.

दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं. त्याचा चेहरा उतरला. तो तिच्या उजव्या कानाशी वाकून ओरडून बोलला; तसं बोललेलं तिला अजून कळायचं.

"आजी, दुसरीकडे बसवतो तुम्हाला. मागे छान जागा आहे."

"का रे? ही काय कोणाच्या बापाची आहे?"

"तिथे मध्यंतरापर्यंत कोणी टिकत नाही, आजी."

"यंत्रमागापुढे एकेचाळीस वर्षं टिकले मी. खुर्चीवर दोन तास नाही टिकणार? सरक."

तो सरकला.

वादक आला. टाळ्या पडल्या. त्याने पट्ट्यांवर बोटं ठेवली...

आणि अक्का पुढे झुकली.

हात धावत होते. आवाज नव्हता.

खालचे जाड सूर तेवढे छातीत धपधप करत होते. बाकी सगळं गायब. उजवा कानही आधीच गेला होता. तिला ते आत्ता कळत होतं.

"रडले नाही मी," अक्का सांगते. "संताप आला. उठून कोणाच्या तरी कानफटात मारावी, असा."

पहिली रचना संपली. अशा कार्यक्रमात उशिरा आलेल्यांना मध्येच आत सोडत नाहीत. एक रचना संपली की दार उघडतं, ते आत येतात, दार मिटतं.

दार उघडलं.

कोणीच आलं नाही.

दार मिटलं.

मग... रांगेच्या टोकाला बसलेल्या बाईने गुडघे आत घेतले. कोणाला वाट द्यावी तसे. नजर मात्र हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत.

मग तिच्या शेजारच्या माणसाने घेतले.

मग त्याच्या पलीकडच्याने...

अक्काच्या शेजारी एक मुलगी होती. तिनेही पाय आखडले.

पुढे अक्काच होती.

तिच्या गुडघ्यांना काहीतरी गार टेकलं. ओल्या कोटासारखं. समोर काही नव्हतं. तरी वादकाचे हात दिसेनासे झाले.

आणि तिच्या डाव्या, मेलेल्या कानात शब्द आला...

"उठा."

"नाही उठणार," अक्का म्हणाली.

"माझी जागा आहे."

"तिकीट दाखव."

गारवा वाढला. दात वाजायला लागले. पण अक्काने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तिकीट नाही ना? मग ऐक. माझा कान गेला. आता ही जागाही तूच घेणार होय? उठणार नाही म्हणजे नाही. एवढी हौस असेल तर बस माझ्या मांडीवर!"

शेजारच्या मुलीने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं.

आणि... ते बसलं.

मांडीवर वजन आलं. दमलेला माणूस टेकतो तसं, बेताबेताने. अक्काचे पाय बधिर झाले.

वादकाने पुढची रचना सुरू केली.

अक्काला ऐकू आलं.

सगळं! दोन्ही कानांनी! बोटाचं नख पट्टीला घासलेलं. वादकाने घेतलेला श्वास. सूर विरत विरत छताला लागलेला. वयाच्या विशीतही तिने इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं.

मध्यंतर झालं. अक्का जागची हलली नाही. दारावरचा माणूस तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला. चार पावलांवर थबकला. तिच्या मांडीकडे बघितलं... आणि पेला तसाच घेऊन मागे फिरला.

शेवटच्या सुरानंतर सारं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा नुसता गजर. एकटी अक्का बसून.

वादक वाकला. मान वर केली. त्याची नजर अक्काकडे गेली.

नाही... अक्काच्या जरा वर. मांडीवर कोणी बसलं असेल, तर त्याचं डोकं जिथे येईल, तिथे.

तो पांढराफटक पडला. लोक "आणखी एक, आणखी एक" ओरडत राहिले. तो परत बाहेर आला नाही.

आठवड्याने कानांच्या तपासणीचा कागद मिळाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"ही तपासणी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीची आहे. या कानांनी पियानो ऐकणं शक्यच नाही हो."

मी ते अक्काला लिहून दाखवलं. आता तिच्याशी असंच बोलावं लागतं. ती खो-खो हसली.

"माझ्या कानांनी नसेल. कोणाच्या का असेना, ऐकलं की नाही मी? आता कोणी ते परत मागून तर बघू दे!"

मीही हसलो. पण माझं मन काही थाऱ्यावर नाही.

अक्का हल्ली मांडीवर काही घेत नाही. भाजीचं ताटसुद्धा बाजूला ठेवून निवडते. परवा माझी नात धावत जाऊन तिच्या मांडीवर बसायला गेली...

अक्काने हात आडवा घातला.

"इथे नको गं, बाळा," ती म्हणाली. "जागा नाही."