वरीलप्रमाणे

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास खोदूकाका तळघरातल्या आपल्या खोलीचं कुलूप काढत होते, तेव्हा वॉचमननं जिन्यावरून वाकून विचारलं, "काका, आज कसलं काम? आज तर भुतांनासुद्धा सुट्टी."

"माझी भुतं हट्टी आहेत. सुट्टी घेत नाहीत," काका म्हणाले आणि आत गेले. वॉचमन हसला. काका हसले नाहीत.

खोदूकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मेलेल्या कंप्युटरांच्या डिस्क उकरून लोकांचे हरवलेले फोटो, हिशेब, पत्रं बाहेर काढायचा त्यांचा धंदा, म्हणून इमारतीतल्या लोकांनी हे नाव ठेवलेलं. माणूस बोलायला कमी. बायको गेल्यापासून तर त्यांचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'उद्या या' एवढ्यावर आलं होतं. मुलगी दुसऱ्या गावी. घरी दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक दोन वर्षांत जागची हलली नव्हती.

चार वाजता हीच मुलगी येणार होती, एक डिस्क घेऊन जायला. चार वाजायच्या आत ती डिस्क फोडायची, हे काकांचं आजचं काम. हातोडी खणात होती.

आता हे का, ते सांगायला हवं.

आजारपणाच्या शेवटच्या चार महिन्यांत काकांच्या बायकोनं घरच्या जुन्या कंप्युटरवर मुलीसाठी रोज थोडं थोडं बोलून ठेवलं होतं. मुलगी लहानपणी कशी होती, कोणत्या गोष्टीला घाबरायची, आपण तिच्यावर उगाच कधी ओरडलो. "तिला बाळ व्हायचं असेल तेव्हा द्या. आत्ता दिलंत तर नुसती रडेल," असं काकांना बजावलं होतं. ती गेल्यानंतर दीड महिन्यानं एका पहाटे काकांनी त्या डिस्कची नक्कल करायला घेतली. नक्कल करताना यंत्राला दोनच गोष्टी सांगायच्या असतात, कुठून आणि कुठे. काकांनी आजवर वीसेक जणांना हे काम शिकवलं होतं आणि प्रत्येकाला दटावलं होतं, की एंटर दाबण्याआधी दोन्ही नावांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं. त्या पहाटे त्यांनी स्वतः बोट ठेवलं नाही. कुठूनच्या जागी कुठे झालं. नवी कोरी डिस्क तिच्या डिस्कवर ओतली गेली, आणि यंत्रानं काम यशस्वी झाल्याचं कळवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मुलीला त्यांनी सांगितलं, "डिस्क बिघडलीये गं. प्रयत्न चालू आहेत." हे प्रयत्न दोन वर्षं चालू होते. आता मुलीला सहावा महिना होता आणि तिनं दुसरा जाणकार शोधला होता. कुठल्याही जाणकाराला पाच मिनिटांत कळलं असतं की डिस्क ठणठणीत आहे आणि कुणीतरी ती साफ पुसली आहे. फुटलेली डिस्क मात्र काही बोलत नाही.

काकांनी दिवा लावला. उंचावर रस्त्याच्या पातळीला एक पट्टीएवढी खिडकी होती, तिच्यातून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. आज पायही नव्हते. खोलीत तापलेल्या धुळीचा आणि कथलाच्या डागकामाचा जुना वास होता. त्यांनी डिस्क पेटीतून काढली. हातोडी काढून शेजारी ठेवली. आणि मग, रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी जे करत तेच त्यांनी केलं. एकदा शेवटचं बघू म्हणून डिस्क जोडली. मध्ये ती छोटी डबी लावली, जी डिस्क फक्त वाचू देते, तिच्यावर एक अक्षरही लिहू देत नाही. डबीचा हिरवा दिवा लागला. डिस्क आत गरगरू लागली.

फाइल उघडून पाहणं वेगळं आणि डिस्क सोलून पाहणं वेगळं. सोललेल्या डिस्कमध्ये डावीकडे आकड्यांच्या ओळी दिसतात, आकड्यांत ए ते एफ ही अक्षरंही मिसळलेली, एका ओळीत सोळा जोड्या. आज्ञेला 'सी' जोडला की उजवीकडे त्यांची अक्षरं दिसतात, जी छापता येत नाहीत त्यांच्या जागी ठिपके. 'एस' जोडून किती सोडायचं ते सांगायचं, 'एन' जोडून किती दाखवायचं ते. आणि ओळीखाली तीच ओळ पुन्हापुन्हा आली तर यंत्र ती छापत बसत नाही. एक फुली टाकतं, चांदणीसारखी. म्हणजे वरीलप्रमाणे.

दहा-बारा मिनिटांनी उत्तर आलं. रोजचंच. शून्यांची एक ओळ. तिच्याखाली चांदणी. तिच्याखाली डिस्क संपल्याचा आकडा. चार महिन्यांचं बोलणं एका चांदणीत मावलं होतं.

काकांना बायकोची औषधांची वही आठवली. पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'रात्र जागून काढली. दुखत होतं. ह्यांना उठवलं नाही.' पुढच्या दिवशी, 'वरीलप्रमाणे'. त्याच्या पुढच्या दिवशी, 'वरीलप्रमाणे'. शेवटपर्यंत तो एकच शब्द. आणि मुलीचा फोन आला की, आई कशी आहे विचारल्यावर, काका काय म्हणायचे? "कालच्यासारखीच." त्यांचीही चांदणीच.

हातोडीकडे गेलेला हात परत आला. एक अक्षर त्यांनी या डिस्कवर कधी वापरलं नव्हतं. 'व्ही'. ते जोडलं की यंत्र चांदणी टाकत नाही, प्रत्येक ओळ दाखवतं, मग ती वरच्यासारखी का असेना. वापरलं नव्हतं, कारण त्यात अर्थ नव्हता. सेकंदाला एक ओळ पाहिली, झोप नाही, जेवण नाही, तरी ऐंशी वर्षं लागली असती. एक आख्खा जन्म. पण आज चारपर्यंत वेळ होता. त्यांनी मनाला येईल तो आकडा टाकून तेवढी डिस्क सोडली आणि 'व्ही' जोडून एंटर दाबलं.

शून्यं वर सरकू लागली. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ. सगळ्या सारख्याच, पण कुणीतरी एकेक करून समोर ठेवत असल्यासारख्या. काका पाहत राहिले. थोड्या वेळानं डिस्कच्या आवाजात एक टकटक मिसळली. टक, टक... मग थांबून टक. डिस्क जुनी झाली की अशा वाजतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ही टकटक त्यांना दुसऱ्याच कारणानं ठाऊक होती. आवाज खोल गेल्यापासून बायको उशाशी ठेवलेल्या पेल्यावर चमचा वाजवून त्यांना बोलवायची.

तेवढ्यात एक ओळ वर गेली, आणि ती वेगळी होती.

काकांनी यंत्र थांबवलं. मागे गेले. शून्यांच्या मधोमध ती ओळ उभी होती. उजव्या रकान्यात एवढंच दिसत होतं,

...............?

पंधरा ठिपके आणि एक प्रश्नचिन्ह.

त्यांनी डावीकडचे आकडे वाचले. ई शून्य, ए चार. पुन्हा ई शून्य, ए चार. ही खूण म्हणजे मराठी. उजव्या रकान्याला मराठी येत नाही, तो तिचे ठिपके करतो. एका अक्षराचे तीन ठिपके, काना-मात्रा वेगळे मोजून. पंधरा ठिपके म्हणजे पाच अक्षरं. काकांनी कागद ओढला आणि एकेक आकडा उलगडायला घेतला. उ. ठ. ल. मग काना. त.

उठलात?

पेन्सिल त्यांच्या हातातून पडली ती त्यांनी उचलली नाही.

मग सवयीनं, भीतीनंही, त्यांनी त्याच जागेची तीच आज्ञा 'व्ही' काढून दिली. शून्यांची ओळ, चांदणी, शेवट. मध्ये काही नाही. पुन्हा 'व्ही' जोडला. उठलात? 'व्ही' काढला. वरीलप्रमाणे. असं होत नसतं. चांदणी फक्त सारख्याच ओळींवर पडते, वेगळी ओळ ती लपवत नाही, यावर तर त्यांच्या साऱ्या धंद्याचा विश्वास होता. डबीचा हिरवा दिवा शांत जळत होता. डिस्कवर कुणाला काही लिहिता येणं शक्य नव्हतं.

टक, टक...

तिच्या शेवटच्या पहाटे ती टकटक झाली होती. काका जागे झाले होते. चार महिन्यांचा शीण अंगात होता. क्षणभर, फक्त क्षणभर पडून राहू, असं त्यांना वाटलं. अंधारात तिनं अगदी हळू विचारलं होतं, "उठलात?" आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उजाडल्यावर पाहिलं तर चमचा तिच्या मुठीत होता. मुलीला त्यांनी सांगितलं होतं, "झोपेतच गेली. शांत."

"हो..." काका रिकाम्या खोलीत म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "उठलो... जागाच होतो गं. तेव्हाही..."

टकटक थांबली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बराच वेळ ते तसेच बसले. मग त्यांनी रोजची साधी आज्ञा दिली, आख्खी डिस्क, 'व्ही' न लावता. पहिली ओळ लगेच आली. ती शून्यांची नव्हती. पंधरा ठिपके आणि प्रश्नचिन्ह. तिच्याखाली चांदणी. काका शेवटच्या आकड्याची वाट पाहत राहिले. दुसरी एखादी ओळ येईल, काहीही येईल, शून्यं तरी येतील. दहा मिनिटं गेली, बारा गेली, आणि शेवट आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरीलप्रमाणे. ऐंशी वर्षं पुरेल इतक्या वेळा तेच एक विचारणं.

त्यांनी डिस्कची वायर उपटली.

"बाबा?"

मुलगी दारात उभी होती, एक हात पोटावर, जिन्यानं दम लागलेला. तिनं टेबलावरची हातोडी पाहिली, मग वडलांचा चेहरा. "बाबा, काय झालं?"

काकांनी हातोडी खणात ठेवली नाही, की लपवली नाही. त्यांनी सगळं सांगितलं. कुठून आणि कुठेची चूक, दोन वर्षांचं खोटं. आणि मग ते दुसरंही, ज्याच्यापुढे डिस्क काहीच नव्हती. "ती झोपेत गेली नाही गं. तिनं हाक मारली होती. 'उठलात?' म्हणाली. मी जागा होतो आणि... मी उठलो नाही."

मुलगी स्टुलावर बसली. डोळ्यांतलं पाणीही तिनं पुसलं नाही.

"दोन वर्षं, बाबा," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं मी वाट बघतेय. आईचा आवाज बाळाला ऐकवीन म्हणून."

"हो."

"मी आत्ता तुम्हाला माफबिफ करणार नाहीये."

"नको करूस."

ती उठली नाही, हे काकांना पुष्कळ वाटलं. त्यांनी डिस्क पुन्हा जोडली, आज दिसलेली ती ओळ तिला दाखवायला. शून्यांची ओळ, चांदणी आणि बारा मिनिटांनी शेवट. कोरी. काकांनी त्या ओळीचा कागद तिच्यापुढे सरकवला. त्यांच्या अक्षरातले आकडे होते आणि खाली पंधरा ठिपके, एक प्रश्नचिन्ह.

मुलीनं कागदाकडे पाहिलं. मग काकांकडे. "हे तर तुम्ही मला रोज पाठवता," ती म्हणाली.

"काय?"

"हा मेसेज. पहाटे, रोज. नुसते ठिपके नि प्रश्नचिन्ह. मला वाटलं, 'उठलीस?' विचारताय आणि तुमच्या फोनात मराठी उमटत नाही... किंवा तुमच्यानं बोलवत नाही. मी मुद्दाम कधी विषय काढला नाही. काढला असता तर लाजून बंद केलं असतंत." तिनं फोन पुढे केला. "मी रोज 'हो बाबा, उठले' म्हणून उत्तर देते. बघा."

काकांनी आपला फोन काढला. त्यात तिला पाठवलेलं काही नव्हतं. तिचं एकही उत्तर नव्हतं. तिच्या फोनात मात्र त्यांच्या नावाखाली ठिपक्यांच्या ओळी होत्या, बोटानं वर ढकलाव्यात तितक्या, थेट डिस्क पुसली गेली त्या पहाटेपर्यंत.

"आजचा तेवढा वेगळा आहे," मुलगी हळूच म्हणाली. "पहाटेचा आला, आणि दुपारी पुन्हा एक. मी गाडीत होते तेव्हा."

तीन वाजून दहा मिनिटं. प्रश्नचिन्ह नव्हतं.

............

काकांनी ठिपके मोजले. पुन्हा, बोट ठेवून, मोठ्यानं मोजले. बारा. म्हणजे चार अक्षरं. आणि या ठिपक्यांच्या डावीकडे आकडे नव्हते, की उलगडून पाहावं.

"चार अक्षरं म्हणजे काय असेल, बाबा?"

"काय की," काका म्हणाले.

पण त्यांच्या मनात एक शब्द येऊन बसला होता. झोपा. झ, ओकार, प, काना. चार. औषध घेऊन झालं की ती त्यांना तेच म्हणायची, आता तुम्ही झोपा. तोच असावा, तोच असू दे, असं त्यांना फार वाटलं. काकांनी डिस्कची वायर काढून ठेवली, मुलीनं त्यांचा हात धरला, दिवा मालवला, दोघं जिना चढू लागले.

अर्ध्या जिन्यात काकांना दुसरा शब्द आठवला. घरातून निघताना 'जाते' कधी म्हणू नये, असा बायकोचा दंडक होता, आणि ती कधी म्हणालीही नव्हती. य, मात्रा, त, मात्रा. तीही चारच.

येते.

मागे, कुलूप लावलेल्या खोलीत, वायर काढून ठेवलेली डिस्क गरगरू लागल्याचा बारीक आवाज आला. मुलीनं विचारलं, "काही वाजलं का?"

"नाही," काका म्हणाले, आणि तिचा हात जरा घट्ट धरून चढत राहिले.