दंडावरची चकती

विमा कंपनीच्या नाशिकच्या कचेरीतलं कँटीन बंद झालं, त्याला चार महिने होऊन गेले. पण कुणी साधी हळहळसुद्धा केली नाही. चहाच्या वेळीही सगळे माना खाली घालून कामच करत.

शलाका वाळिंबे त्यांतलीच एक. दिवसाला सव्वाशे दावे तपासायचे, वर साहेबांची टोचणी. त्यामुळे पूर्वी तिच्या खणात फरसाणाचं पाकीट कायम फोडलेलं असे. घरी नवऱ्याला, अभिरामला, रक्तदाबापायी बेताच्या मिठाचं आणि सात वर्षांच्या मैथिलीला डब्यात रोज काहीतरी निराळं. सगळ्यांचं करता करता हिचं जेवण म्हणजे ओट्याशी उभं राहून उरलंसुरलं पोटात ढकलणं. अन्न टाकवत नाही ना! वजन वाढलं, साखर वाढली आणि 'जरा तोंडावर ताबा ठेव' हा उपदेश फुकटात मिळाला.

मग कंपनीने क्षुधाबंध आणला, आधी कचेरीत आणि पुढे विमेदारांसाठीही. रुपयाएवढी चकती, दंडावर चिकटवायची. पोट रिकामं झालं की मेंदूला तसा निरोप धाडणारं एक संप्रेरक असतं. चकती तो निरोप वाटेतच अडवते. भूक लागतच नाही. घड्याळ सांगेल तेव्हा, दिवसातून दोनदा, मोजकं खायचं की झालं. तीन महिन्यांत शलाका नऊ किलोंनी उतरली. खरं सांगायचं तर उभ्या आयुष्यात तिला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. घरही तिने त्याच घड्याळावर लावलं. संध्याकाळी सहाला आली की उरलेले दावे उघडून बसायची आणि नऊला, अभिराम आला की, पानं घ्यायची.

एका शुक्रवारी संध्याकाळी गृहपाठाबद्दल मैथिलीच्या बाईंचा फोन आला, म्हणून तिला बोलावायला शलाका शेजारी पगारेकाकूंकडे गेली. पोर तिथे खेळते अशी तिची समजूत. मैथिली स्वयंपाकघरात फरशीवर बसून वरणपोळी खात होती. गाल भरलेले, आणि डावा हात ताटलीभोवती, कुणी ओढून नेईल की काय असा.

पगारेकाकू ओशाळल्या. "रोज येते हो साडेसहाला. मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

घरी आल्यावर शलाकाने विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं की. खूपदा," मैथिली म्हणाली. "तू म्हणायचीस, नऊला. मग एकदा मी रडले, तर तू मला तापाचं औषध दिलंस."

शलाकाला आठवलं. पोरगी पोट धरून रडत होती. तिने कपाळाला हात लावला, शाळेत कुणी मारलं का विचारलं, जीभसुद्धा पाहिली. भूक तेवढी सुचली नव्हती. प्रत्यक्ष आईला! तिला स्वतःचीच भीती वाटली आणि तिने तिथल्या तिथे चकती ओरबाडून काढली.

सोमवारी ती कंपनीच्या डॉक्टर कर्णिकांपुढे बसली. त्यांना नवल वाटलं नाही. तिच्यासारख्या सात-आठ जणी येऊन गेल्या होत्या म्हणे. "दुसऱ्याची भूक आपण स्वतःच्या भुकेवरून ताडतो, असं आता दिसू लागलंय. जावे त्याच्या वंशा, दुसरं काय."

"माझी परत कधी येईल?"

"चार दिवसांत यायला हवी. काहींची आली." बाकीच्यांचं ते बोलले नाहीत. त्यांच्या टेबलावर नव्या चकत्यांची पेटी उघडी होती. त्या चकत्या पावलीएवढ्या होत्या, पोरासोरांच्या दंडाला बसतील अशा.

चार दिवस गेले, नऊ गेले. शलाकाने मुद्दाम दोन दिवस अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण भूक काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैथिली दप्तर टाकून तिच्याजवळ आली आणि तिचा हात ओढून तिने आपल्या पोटावर ठेवला. "बघ, गुरगुरतंय ना? याला भूक म्हणतात."

हाताला गुरगुर कळत होती. शलाकाने ती मनात नीट नोंदवून घेतली, नवा नियम पाठ करावा तशी. मग ती उठली आणि कणीक भिजवायला घेतली. किती पोळ्या, हे तिला मैथिलीलाच विचारावं लागलं.

मैथिली ओट्याला टेकून बघत राहिली. "आई," ती म्हणाली, "पगारेकाकूंनी पण आज चकती लावली. तू विसरलीस, तर मी आता कुणाला सांगू?"